पिवळ्या थेंबांना रजा द्या : इनडोअर तलावावर राबणाऱ्यांसाठी टेलर के-२००६ टेस्ट किट

इनडोअर स्विमिंग पूलचं दार उघडताच नाकात घुसणारा वास सगळे ‘क्लोरीनचा’ म्हणतात. खरं तर तो क्लोरामाइनचा असतो. पोहणाऱ्यांच्या घामातून आणि लघवीतून पाण्यात युरिया आणि अमोनिया येतो. क्लोरीन त्याला जोडलं जातं आणि मोनो, डाय आणि ट्राय अशी क्लोरामाइन्स तयार होतात. यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं विरघळत नाही. हातपाय मारून पाणी उसळलं की ते हवेत सुटतं आणि तलावाच्या पृष्ठभागालगत साचून राहतं. पोहायला आलेला माणूस तासाभरात घरी जातो. लाइफगार्ड, कोच, बेबी बॅचच्या मॅडम, डेकवर, म्हणजे तलावाभोवतीच्या कट्ट्यावर, वायपर मारणाऱ्या मावशी मात्र आठ-आठ तास त्याच हवेत असतात. डोळे चुरचुरणं, शिंका, बसलेला आवाज, कोरडा खोकला, छाती आवळून येणं हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं.

फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात लाइफगार्डच्या तक्रारी आणि हवेतलं ट्रायक्लोरामाइन यांची सांगड घालून मोजमापं झाली. ब्रिटनमध्ये २००२ साली तीन कामगारांना तलावाच्या हवेमुळे व्यावसायिक दमा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांत दोन लाइफगार्ड होते आणि एक पोहणं शिकवणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शिकेत हवेतल्या ट्रायक्लोरामाइनसाठी दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली. आपल्याकडच्या क्लब, हॉटेल किंवा सोसायटीच्या तलावावर ही हवा मोजणारं यंत्र असण्याची शक्यता जवळपास नाहीच. ते मोजण्यासाठी रसायन लावलेल्या फिल्टरमधून पंपाने हवा ओढून नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. म्हणून रोजच्या रोज हाती येणारा एकच आकडा उरतो, तो म्हणजे पाण्यातलं कम्बाइन्ड, म्हणजे क्लोरामाइन्सच्या रूपात जोडलं गेलेलं, क्लोरीन. तो आकडा नीट देणारं साधन कोणतं, या एका प्रश्नापुरता हा रिव्ह्यू आहे.

आधी तलावांवर सर्रास दिसणाऱ्या छोट्या डबीबद्दल. दोन नळ्यांची प्लास्टिकची डबी, एका बाजूला लाल रंगाचा पीएच, दुसऱ्या बाजूला पिवळा क्लोरीन. पिवळा रंग देणारं रसायन ऑर्थोटॉलिडीन, बोलीभाषेत ओटीओ. ते स्वस्त आहे, मिळायला सोपं आहे आणि ‘जितकं पिवळं तितकं पाणी चांगलं’ हा समज त्यानेच रुजवला. अडचण अशी की ओटीओ एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं जंतू मारणारं फ्री किती आणि छातीला लागणारं कम्बाइन्ड किती, हे त्यातून वेगळं निघत नाही. समजा पाण्यात फ्री ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत ०.४ भाग) आहे आणि कम्बाइन्ड १.४. डबीत १.८ चा झकास पिवळा रंग येईल, रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहिलं जाईल आणि त्याच वेळी डेकवरचा कोच खोकत असेल. जंतुनाशक कमी आणि त्रासदायक वायू जास्त, अशी ही सर्वांत वाईट स्थिती डबीत सर्वांत चांगली दिसते. शिवाय ऑर्थोटॉलिडीन हे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. तरी नळीचं तोंड अंगठ्याने दाबून हलवायची सवय सगळीकडे आहे. इनडोअर तलावावर ही डबी ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता मूळ विषय. टेलर ही अमेरिकन कंपनी आहे आणि के-२००६ हे तिचं ‘एफएएस-डीपीडी’ पद्धतीचं किट. डीपीडी हे क्लोरीनमुळे गुलाबी होणारं रसायन, आणि एफएएसचे थेंब तो गुलाबी रंग घालवतात. भारतात ते आयात होऊन ऑनलाइन आणि पूल-केमिकलच्या काही दुकानांत मिळतं. निळ्या डब्यात फ्री आणि कम्बाइन्ड क्लोरीन, पीएच, आम्लाची आणि सोड्याची गरज, अल्कलिनिटी, कॅल्शियम हार्डनेस आणि सायन्युरिक अॅसिड एवढ्या चाचण्या आहेत. आपल्या कामाच्या दृष्टीने यातलं सोनं म्हणजे क्लोरीनची चाचणी. त्यात रंग जुळवावा लागत नाही, थेंब मोजावे लागतात.

ती अशी करायची. मोठी नळी तलावाच्याच पाण्याने दोनदा विसळायची. पाणी भरणाऱ्या इनलेटपासून दूर, कोपरापर्यंत हात बुडवून, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर खोलीवरून नमुना घ्यायचा. वरचं पाणी घेतलं तर आकडा फसवा येतो. नळी २५ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरायची. आर-०८७० या पांढऱ्या पावडरचे किटमधल्या चमच्याने सपाट दोन चमचे टाकून नळी गोल फिरवायची. फ्री क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. आता आर-०८७१ ची बाटली अगदी उभी धरून एकेक थेंब सोडायचा, दर थेंबाला नळी फिरवायची आणि मोजायचं. तीन थेंबांवर डाळिंबी गुलाबी फिकट होतो, पाचव्यावर नळीच्या तळाशी नुसती झाक उरते, सहाव्यावर पाणी नितळ होतं. मागे पांढरी टाइल धरली तर हा क्षण चुकत नाही. सहा थेंब गुणिले ०.२ म्हणजे फ्री क्लोरीन १.२ पीपीएम.

नळी ओतायची नाही. त्याच पाण्यात आर-०००३ चे पाच थेंब टाकून फिरवायचं. कम्बाइन्ड असेल तर गुलाबी रंग परत येतो. दोन मिनिटं थांबायचं, कारण घामातल्या काही पदार्थांशी जोडलेलं क्लोरीन उशिरा रंग देतं. मग पुन्हा आर-०८७१ चे थेंब, मात्र मोजणी नव्याने एकपासून. चार थेंबांत नितळ झालं तर कम्बाइन्ड ०.८.

इथे किटचं खरं मोल कळतं. २५ मिलिलिटरच्या नमुन्यात एक थेंब म्हणजे ०.२ पीपीएम. जर्मनीच्या डीआयएन १९६४३ मानकात कम्बाइन्ड क्लोरीनची कमाल मर्यादाच ०.२ आहे, म्हणजे एक थेंब. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची आदर्श नियमावली ०.४ च्या वर गेलं की उपाय करायला सांगते, म्हणजे दोन थेंब. ब्रिटनचा पूल वॉटर ट्रीटमेंट अॅडव्हायझरी ग्रुप अधिक सैल आहे. तिथे कम्बाइन्ड हे फ्रीच्या निम्म्याहून कमी आणि १ पीपीएमच्या आत असावं. आम्ही ऑपरेटरला एवढंच सांगतो, आर-०००३ नंतर एक थेंब लागला तर छान, दोन लागले तर लक्ष ठेवा, तीन लागले तर त्याच दिवशी मॅनेजरच्या टेबलावर रजिस्टर ठेवा. दहावी शिकलेल्या नव्या मुलालाही हे पहिल्याच दिवशी जमतं. लाल-हिरवा रंग नीट न ओळखणाऱ्या माणसालाही जमतं, कारण त्याला छटा जुळवायची नसते, रंग नाहीसा झाला की थांबायचं असतं.

चाचणीत हमखास होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. सगळ्यांत मोठी चूक नळी नीट न धुण्याची. आर-०००३ मध्ये पोटॅशियम आयोडाइड असतं. त्याचा अंश नळीत राहिला तर पुढच्या चाचणीत मोनोक्लोरामाइनसुद्धा फ्री म्हणून मोजलं जातं. फ्री फुगतं, कम्बाइन्ड घटतं आणि हवा खराब असताना पाणी निर्दोष दिसतं. चाचणी झाल्यावर नळी नळाच्या पाण्याने तीन-चारदा धुवा आणि उपडी ठेवा. दुसरी चूक, फ्रीचा शेवट झाल्यावर नळी हातात धरून गप्पा मारणं. अर्ध्या-एक मिनिटात पाणी परत हलकं गुलाबी होऊ लागतं. ते कम्बाइन्ड हळूहळू रंग देत असतं, त्याला फ्रीच्या थेंबांत धरायचं नाही. तिसरी चूक थेंबाच्या आकाराची. बाटली तिरकी धरली की थेंब लहान-मोठा होतो. कोरड्या हवेत बाटलीच्या टोकावर स्थिर वीज साचली तरी थेंब बारीक पडतात आणि आकडा वाढून येतो. टोक ओल्या कपड्याने पुसलं की काम भागतं. चौथी, नमुना बाटलीत भरून ऑफिसात नेऊन निवांत तपासणं. क्लोरीन वाटेतच कमी होतं. चाचणी डेकवरच करा.

पाचवी चूक वेळेची आणि ती सगळ्यांत महाग पडते. बहुतेक रजिस्टरांत पहाटेचा आकडा असतो. रात्रभर फिल्टर चाललेला असतो, पाण्यात कोणी नसतं, आकडा देखणाच येणार. कामगाराच्या छातीला लागणारा आकडा संध्याकाळच्या शेवटच्या बॅचनंतरचा. दिवसातून तीन चाचण्या असाव्यात, उघडण्यापूर्वी, दुपारी आणि गर्दीची बॅच संपताना. रजिस्टरमध्ये फ्री आणि कम्बाइन्डच्या शेजारी आणखी दोन रकाने पाडा, आतापर्यंत किती जण पोहले आणि एक्झॉस्ट चालू होता की बंद. महिन्याभरात या चार रकान्यांतून तलावाचा स्वभाव कळतो.

पर्यायांचीही तुलना करायला हवी. पट्ट्या, म्हणजे टेस्ट स्ट्रिप, इनडोअर कामासाठी उपयोगाच्या नाहीत. त्यांच्या रंगांमधली पायरी अर्ध्या-एक पीपीएमची असते आणि आपल्याला ०.२ चा फरक हवा आहे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत डबीचं झाकण थोडं सैल राहिलं तरी पट्ट्या खराब होतात. डीपीडीच्या गोळ्या आणि रंगचकतीचा कम्पॅरेटर हे चांगलं, जुनं, विश्वासाचं साधन आहे. गोळी क्रमांक १ ने फ्री, त्यातच क्रमांक ३ टाकून दोन मिनिटांनी एकूण, वजाबाकी केली की कम्बाइन्ड. गोळीला बोट लावायचं नाही, एवढं पथ्य. फक्त इनडोअर हॉलच्या पिवळट दिव्यांत गुलाबीच्या दोन शेजारच्या छटा ओळखणं कठीण जातं.

डिजिटल मीटरमध्ये हॅना कंपनीची खिशात मावणारी एचआय ७०१ आणि एचआय ७११ ही जोडी लोकप्रिय आहे. पहिलं यंत्र फ्री क्लोरीन २.५० पीपीएमपर्यंत दाखवतं, दुसरं एकूण क्लोरीन ३.५० पर्यंत. आकडा पडद्यावर येतो, डोळ्यांवर भिस्त नाही, रोजच्या धावपळीत वेळ वाचतो. पण कम्बाइन्डसाठी दोन यंत्रांची वजाबाकी करावी लागते आणि दोघांची चूक त्यात एकत्र येते. कंपनी देते ती अचूकता ०.०३ पीपीएम अधिक आकड्याच्या ३ टक्के अशी आहे. फ्री १.५ च्या आसपास असेल तर एका यंत्राची ओढाताण साधारण ०.०७, दोघांची मिळून ०.१५ पर्यंत जाऊ शकते. मर्यादा ०.२ ची असताना ही चूक जड आहे. एसी ऑफिसातून काचेची कुपी गरम, दमट हॉलमध्ये आणली की बाहेरून बाष्प धरतं आणि आकडा वाढतो. कुपी पुसायला मऊ कापड जवळ हवंच. मीटर असेल तर वापरा, पण आठवड्यातून दोनदा थेंबांच्या किटने पडताळा घ्या.

मोठा फरक पडतो तो शॉक डोसच्या, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकण्याच्या, वेळी. डीपीडीची एक खोड आहे. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की रंगच उडून जातो आणि पाणी नितळ दिसतं. कम्पॅरेटरवर ते शून्य वाटतं. ऑपरेटर घाबरून आणखी हायपो (हायपोक्लोराइट, क्लोरीन देणारं रसायन) ओततो आणि हॉलमध्ये उभं राहणं मुश्कील होतं. के-२००६ च्या पावडरने असं झालं तर पाणी क्षणभर गुलाबी चमकून परत नितळ होतं. ही चमक दिसली की आणखी एक-दोन चमचे पावडर टाकायची आणि मग थेंब मोजायचे. २० पीपीएमपर्यंतचा आकडा या पद्धतीने मिळतो. जास्त क्लोरीनसाठी १० मिलिलिटरचा नमुना घ्या, तेव्हा एक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम. रोजच्या कम्बाइन्डसाठी मात्र २५ मिलिलिटरच. १० मिलिलिटरवर काम उरकणाऱ्या ऑपरेटरचा ‘शून्य’ किंवा ‘०.५’ यातला कोणताच आकडा उपयोगाचा नसतो.

किटमधली दुसरी मोलाची चाचणी सायन्युरिक अॅसिडची. आपल्याकडे टीसीसीए ९० हे क्लोरीन देणारं रसायन सगळीकडे मिळतं, हाताळायला सोपं वाटतं, म्हणून इनडोअर तलावातही पडतं. टीसीसीएने १ पीपीएम फ्री क्लोरीन वाढवलं की सोबत ०.६ पीपीएम सायन्युरिक अॅसिड पाण्यात साचतं. त्याचं काम उन्हापासून क्लोरीन वाचवण्याचं. छपराखाली ऊनच नाही, म्हणजे फायदा शून्य आणि तोटा पुरेपूर, कारण ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि त्याची धार बोथट करतं. मग ‘क्लोरीन आहे तरी पाणी गढूळ’ म्हणून डोस वाढत जातो. ७ मिलिलिटर तलावाचं पाणी, तेवढंच आर-००१३, ३० सेकंद हलवून, तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं. ठिपका दिसेनासा झाला त्या रेघेचा आकडा वाचायचा. मोजपट्टी ३० ते १०० ची आहे. इनडोअर तलावात ठिपका लपलाच नाही तर उत्तम. लपला, तर टीसीसीए बंद करा, कॅल्शियम किंवा सोडियम हायपोक्लोराइटवर या आणि पाणी बदला. सायन्युरिक अॅसिड पाणी बदलल्याशिवाय जात नाही. बदल करताना टीसीसीएच्या डोसरमध्ये कॅल्शियम हायपो कधीही टाकू नका. त्या दोघांचा ओला संपर्क झाला की आग आणि स्फोट होतो. चमचे, बादल्या, कपाटंसुद्धा वेगळी ठेवा.

पीएचची चाचणी किटमध्ये ७.० ते ८.० या पट्ट्यात आहे. ४४ मिलिलिटर पाण्यात आर-०००४ चे पाच थेंब. पीएच खाली गेलं की ट्रायक्लोरामाइन जास्त तयार होतं, म्हणून आम्ल सैल हाताने ओतू नका. फार वर गेलं तर क्लोरीन मंदावतं. इनडोअरसाठी ७.२ ते ७.४ राखणं जमलं पाहिजे. अल्कलिनिटी आणि हार्डनेसच्या चाचण्या ठीक आहेत, बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी भरणाऱ्यांना रोज नाही, पण आठवड्याला उपयोगी.

आता कम्बाइन्डचे तीन थेंब निघाल्यावर करायचं काय? इथे बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, ‘शॉक मारा’. नियम असा सांगितला जातो की कम्बाइन्डच्या दहापट क्लोरीन न्यायचं. दोन लाख लिटरच्या तलावात कम्बाइन्ड ०.६ असेल तर ६ पीपीएमपर्यंत जायचं. फ्री १ असल्यास आणखी ५ पीपीएम, म्हणजे १ किलो उपलब्ध क्लोरीन, म्हणजे ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपो सुमारे १.५ किलो. हा हिशेब अमोनियासाठी ठीक चालतो. घामातल्या युरियावर क्लोरीन सावकाश काम करतं आणि त्या वाटेवरच ट्रायक्लोरामाइन निघतं. त्यामुळे बंद हॉलमध्ये दर आठवड्याला शॉक मारणं म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला सर्वांत वाईट हवा देणं. करायचाच असेल तर तलाव बंद झाल्यावर, सगळे एक्झॉस्ट आणि ताजी हवा पूर्ण चालू ठेवून, हॉलमध्ये कोणी न थांबता करा. सकाळी फ्री नेहमीच्या पातळीला आल्याची चाचणी झाल्याशिवाय दार उघडू नका.

आधी पाणी बदला. ब्रिटनच्या त्याच सल्लागार गटाचा नियम दर पोहणाऱ्यामागे ३० लिटर ताजं पाणी असा आहे. दिवसाला १०० जण पोहत असतील तर ३,००० लिटर. फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुणं, यातच मोजला जातो. दहा हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत संपेल, हे खरं. पण हा खर्च टाळला की तोच पैसा क्लोरीन, गंजलेले फिटिंग आणि आजारी सुट्ट्यांमध्ये जातो. ज्या पाण्याने तलाव भरतो तेही एकदा याच किटने तपासा. विहिरीच्या पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन टाकताच ते थेट कम्बाइन्डमध्ये जाईल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पोहण्याआधी साबण लावून आंघोळ आणि लहान मुलांना तलावात उतरण्याआधी टॉयलेटला नेणं. याने युरियाच कमी येतो. ज्यांचं बजेट आहे त्यांनी मीडियम प्रेशर यूव्ही दिवा बसवावा. तो क्लोरामाइन्स फोडतो.

किट हवा मोजत नाही, ही त्याची मर्यादा ठळक लिहायला हवी. पाण्यात एक थेंब असूनही हॉल कोंदट असेल तर हवेत वायू साचतो. ट्रायक्लोरामाइन हवेपेक्षा जड आहे. ते छताला जात नाही, पाण्यालगत, पोहणाऱ्याच्या नाकाच्या आणि डेकवर बसलेल्या कोचच्या उंचीवर राहतं. आपल्याकडे एक्झॉस्ट पंखे बहुधा छताजवळ असतात आणि सोसायटीच्या तलावांत चक्क स्प्लिट एसी लावलेले दिसतात. स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत सोडतो, ताजी हवा आणत नाही. हवा खेळती ठेवण्याच्या अमेरिकन अॅश्रे ६२.१ मानकात तलाव आणि डेकच्या दर चौरस मीटरमागे सेकंदाला २.४ लिटर बाहेरची हवा सांगितली आहे. ३०० चौरस मीटरच्या हॉलला सेकंदाला ७२० लिटर. हवा खेचायची तोंडं खाली, पाण्याच्या पातळीजवळ हवीत. पावसाळ्यात खिडक्या बंद होतात, थंडीत हीट पंपाचं बिल वाचवायला एक्झॉस्ट बंद केला जातो आणि खोकल्याच्या तक्रारी नेमक्या तेव्हाच वाढतात. म्हणून रजिस्टरमध्ये एक्झॉस्टचा रकाना.

हवेची एक ढोबळ खूण डोळ्यांना दिसते. स्टीलच्या शिड्यांवर, दाराच्या बिजागऱ्यांवर, फॉल्स सीलिंगच्या तारांवर तपकिरी डाग. ते पुसून टाकू नका, कारण शोधा. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे १९८५ साली इनडोअर तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. छत टांगून धरणारे स्टेनलेस स्टीलचे रॉड या हवेतल्या क्लोराइडने आतून तडकले होते. ज्या हवेने ते रॉड खाल्ले ती माणूसही श्वासात घेतो.

माणसाच्या बाजूने किटला जोड म्हणून पीक फ्लो मीटर घ्या. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते दाखवणारी ही फुंकायची साधी नळी औषधाच्या दुकानात मिळते. ज्याला खोकला किंवा दम लागतो त्याने तीन-चार आठवडे, कामाच्या आणि सुट्टीच्याही दिवशी, दिवसातून निदान चार वेळा फुंकून आकडा लिहावा. दर वेळी तीनदा फुंकून मोठा आकडा धरायचा. कामावर आकडा घसरतो आणि सुट्टीत सुधारतो असं चित्र निघालं तर तो कागद आणि तलावाचं रजिस्टर दोन्ही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. काम इनडोअर तलावावर आहे हे केसपेपरवर लिहून घ्या. ईएसआय या कामगार विम्यात धरल्या जाणाऱ्या व्यावसायिक आजारांच्या यादीत दम्याची नोंद आहे, त्यामुळे हा कागद पुढे कामाला येतो. कापडी किंवा एन-९५ मास्कने ट्रायक्लोरामाइन अडत नाही, तो धुळीसाठी आहे. आम्ल आणि हायपो हाताळताना आम्लवायू आणि क्लोरीनसाठीचं कार्ट्रिज लावलेला हाफ मास्क, गॉगल आणि रबरी हातमोजे लागतात. आम्ल आणि हायपोचे कॅन एका खोलीत शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडले की थेट क्लोरीन वायू निघतो.

किटच्या उणिवाही आहेत. के-२००६ मधल्या बाटल्या छोट्या, पाऊण औंसाच्या, म्हणजे साधारण २२ मिलिलिटर. फ्री २ आणि कम्बाइन्ड ०.४ असेल तर एका चाचणीला बारा थेंब जातात. दिवसाला तीन चाचण्या केल्या तर आर-०८७१ दोन आठवड्यांत संपतं. इथे बहुतेक तलाव फसतात, किट घेतात, पहिली बाटली संपते आणि परत पिवळ्या थेंबांवर येतात. व्यावसायिक तलावाने सुरुवातीलाच के-२००६सी घ्यावं, त्यात बाटल्या दोन औंसाच्या आहेत. आर-०८७०, आर-०८७१ आणि आर-०००३ या तिघांचा पुढचा साठा एकदमच मागवा. माहितीपत्रक इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत आहे, चाचणी करणाऱ्याला बहुधा मराठी किंवा हिंदी सोयीची. क्लोरीनच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून, लॅमिनेट करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

किट प्लँट रूममध्ये, आम्लाच्या कॅनशेजारी ठेवू नका. तिथली वाफ आणि उष्णता रसायनं खराब करते. ऑफिसातलं बंद कपाट बरं. आर-०८७० चा चमचा कायम कोरडा हवा. पावडर दमट होऊन गोळे धरू लागली किंवा करडी पडली तर ती फेकून द्या. टोपणांची अदलाबदल करू नका. चाचणीचं पाणी तलावात परत ओतू नका, मोरीत ओता. रसायन बोटाला लागलं तर लगेच धुवा. विकत घेताना दुकानदाराकडून बाटल्यांवरच्या लेबलचा फोटो आधी मागवा आणि गोदामात वर्षानुवर्षं पडलेला माल घेऊ नका. किट हातात आल्यावर पहिली चाचणी नळाच्या पाण्याची करा. त्यात कम्बाइन्डचे थेंब मोजून तो आकडा रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग संध्याकाळच्या शेवटच्या बॅचनंतर तलावाकडे वळा.